मतपत्रिकेवर पक्षच नाही, मग मत द्यायचं कुणाला?

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती की इथल्या निवडणुकांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि पत्रांचा ढीग आला. त्यातली निम्मी शिकागोतली निघाली, आणि मीही तिथलीच, त्यामुळे या वेळी फक्त शिकागो. बाकीच्यांनी रागावू नका, तुमची पाळी येईल.

प्रश्न : ताई, २०२३ मध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा इथे मत दिलं. मेयरसाठी नऊ नावं, खाली आमच्या वॉर्डाचे चार-पाच जण, आणि कुणाच्याच नावापुढे पक्ष नाही. तिथल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्हाला सांगता येत नाही. पक्ष लपवून का ठेवतात? शेवटी नाव ओळखीचं वाटलं त्याला देऊन आले.

लपवत नाहीत हो, कायद्यानेच ती निवडणूक बिनपक्षाची आहे. शिकागोच्या सिटी कौन्सिलची १९२० च्या दशकापासून अशीच होते. मेयरची मात्र बराच काळ पक्षावर व्हायची, तो कायदा १९९५ ला बदलला आणि १९९९ ला पहिल्यांदा मेयर बिनपक्षी मतपत्रिकेवर निवडून आला. म्हणजे आधी पक्षाची प्रायमरी, जिच्यात पक्ष आपला उमेदवार निवडतो, मग डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन, हा सगळा प्रकारच नाही. फेब्रुवारीतल्या शेवटच्या मंगळवारी सगळे एकदम उभे राहतात, निम्म्यापेक्षा एक जरी मत जास्त मिळालं तर खेळ खलास, नाही मिळालं तर पहिल्या दोघांची एप्रिलमध्ये परत लढत, तिला रनऑफ म्हणतात. मेयरचा पहिला रनऑफ २०१५ ला झाला आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी होतोय.

आता तुम्ही मत दिलंत तीच निवडणूक घ्या. फेब्रुवारीत पॉल व्हॅलस पहिले, ब्रँडन जॉन्सन दुसरे, आणि खुर्चीवर बसलेल्या लोरी लाइटफूट तिसऱ्या, म्हणजे घरी. एप्रिलमध्ये जॉन्सन जिंकले. व्हॅलस आणि जॉन्सन दोघंही स्वतःला डेमोक्रॅटच म्हणवतात! नावापुढे पक्ष छापला असता तरी तुम्हाला काडीचा उपयोग झाला नसता, कारण या शहरात खरी भांडणं एकाच पक्षाच्या पोटात असतात. एक जण शाळांचा माजी सीईओ, पोलीस वाढवा म्हणणारा, दुसरा शिक्षक युनियनचा संघटक. ही माहिती मतपत्रिकेवर नसते, ती घरून घेऊन जावी लागते, बिनपक्षी निवडणुकीचा सगळा वैताग तोच आहे. आणि पक्ष गेला म्हणजे राजकारण गेलं असं समजू नका. प्रत्येक वॉर्डात पक्षाचा एक कमिटीपर्सन असतो, तो मार्चच्या प्रायमरीत रीतसर पक्षाच्या चिठ्ठीवरच निवडून येतो, आणि बऱ्याच वॉर्डांत ऑल्डरमन, म्हणजे वॉर्डाने कौन्सिलवर निवडून दिलेला माणूस, आणि कमिटीपर्सन एकच असतो. पुढच्या दाराने बिनपक्षी, मागच्या दाराने पक्ष.

ओळखीच्या नावाला मत दिलंत त्याचं वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक लोक तेच करतात. आणि त्या फेब्रुवारीत मत द्यायला गेले किती, तर नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के. तुम्ही गेलात हेच पुष्कळ.

प्रश्न : ऑल्डरमन म्हणजे आपला नगरसेवकच ना? त्याच्याकडे नेमकं काय काम घेऊन जायचं? आमच्या गल्लीतला दिवा तीन महिने बंद आहे.

हो, नगरसेवकच समजा. कागदोपत्री आता ऑल्डरपर्सन, बोलताना सगळे ऑल्डरमनच म्हणतात. ५० वॉर्ड, ५० माणसं, एका वॉर्डात साधारण ५५ हजार लोक. दिव्यासाठी आधी ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करा किंवा अ‍ॅपवर टाका आणि तो रिक्वेस्ट नंबर लिहून ठेवा, मग वॉर्ड ऑफिसला जा. नंबर न घेता गेलात तर ते तुम्हाला परत ३११ ला पाठवतील, मी दोनदा हेलपाटा घालून शिकलेय.

पण ऑल्डरमनची खरी ताकद दिव्यात नाही. एक म्हणजे मेन्यू मनी. प्रत्येक वॉर्डाला वर्षाला १५ लाख डॉलर मिळतात, त्यातून कुठला रस्ता करायचा, कुठे फुटपाथ, कुठे स्पीड हंप, हे ऑल्डरमन यादीतून निवडतो, हॉटेलात मेन्यूकार्ड बघून ऑर्डर द्यावी तसं, म्हणून नावच मेन्यू. दुसरं म्हणजे वॉर्डातलं झोनिंग, कुठे काय बांधता येईल त्याचे नियम. कुणाला दुकान काढायचंय, तीन मजल्यांची इमारत बांधायचीय, तर बाकीचे ४९ जण शक्यतो ज्याचा वॉर्ड त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. याला लिहिलेला नियम नाही, रीत आहे. आणि ती रीत किती सडू शकते हे बघायचं असेल तर १४ व्या वॉर्डचे एड बर्क बघा. १९६९ पासून २०२३ पर्यंत, ५४ वर्षं कौन्सिलात! बर्गर किंगच्या एका दुकानाला दुरुस्तीचं परमिट हवं होतं आणि साहेबांना त्या मालकाच्या प्रॉपर्टी टॅक्सचं काम स्वतःच्या वकिली ऑफिसला हवं होतं. डिसेंबर २०२३ ला कोर्टाने दोषी ठरवलं, जून २०२४ ला दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या नावापुढे इतकी वर्षं पक्ष छापला नव्हता, आणि छापला असता तरी तुम्ही-आम्ही त्यावरून काय ओळखणार होतो?

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. आधी म्हणे शाळेचं बोर्ड मेयर नेमायचे, आता निवडणूक होते, पण २०२४ ला आमच्या शेजारच्या बिल्डिंगला बोर्डाचा मेंबर निवडून मिळाला आणि आम्हाला नेमलेला. हे काय गौडबंगाल आहे?

गौडबंगालच आहे, तुम्ही गोंधळलात यात नवल नाही. १९९५ पासून शिकागोत शाळांचं बोर्ड पूर्ण मेयरच्या मुठीत होतं, बोर्ड तोच नेमणार, शाळांचा सीईओ तोच ठरवणार. २०१३ ला रॅम इमॅन्युएल मेयर असताना एका दमात जवळपास ५० शाळा बंद झाल्या, बहुतेक दक्षिण आणि पश्चिम भागातल्या, कृष्णवर्णीय मुलांच्या. आईबाप रडत-भांडत सुनावण्यांना गेले आणि बोर्डाने हात वर केले, करायचं होतं ते केलंच. कारण त्या बोर्डाला तुमच्या मताची गरजच नव्हती. तिथून खरी मागणी पेटली. २०१५ ला ३७ वॉर्डांत मतपत्रिकेवर नुसता कौल विचारला होता की बोर्ड निवडून यावं का, तर जवळपास ९० टक्के लोक हो म्हणाले. तरी कायदा व्हायला २०२१ उजाडलं.

आणि कायदा करताना तडजोड अशी झाली की एकदम सगळं नको, दोन हप्त्यांत करू. शहराचे १० भाग केले, प्रत्येक भागाचे दोन तुकडे, अ आणि ब म्हणा. २०२४ ला भागातला एक मेंबर लोकांनी निवडला आणि मेयरने उरलेल्या तुकड्यातला माणूस नेमला. १० निवडलेले, १० नेमलेले, वर अध्यक्षही मेयरने नेमलेला, एकूण २१. तुम्ही शेजाऱ्याच्या विरुद्ध तुकड्यात आहात, बस्स. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीत मात्र २१ च्या २१ जागा लोकांच्या, २० तुकड्यांतून २० आणि अध्यक्ष अख्ख्या शहरातून. ही निवडणूक फेब्रुवारीत नाही, नोव्हेंबरात, गव्हर्नरच्याच मतपत्रिकेवर, आणि इथे रनऑफ नाही, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आला. म्हणून चार जण उभे असतील तर ३०-३५ टक्क्यांतही माणूस निवडून येऊ शकतो हे डोक्यात ठेवा.

बोर्डाला पगार नाही. हातात मात्र तीन लाखांच्या वर मुलं, सहाशेच्या वर शाळा आणि १० अब्ज डॉलरच्या आसपासचं बजेट. फुकट काम करायला माणसं इतका खर्च करून का उभी राहतात याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

प्रश्न : घरी रोज चकचकीत पोस्टकार्डं येतात, सगळ्यांवर हसरी मुलं आणि "मुलांसाठी लढणार". कोण कुणाचा माणूस आहे हे साध्या माणसाने कसं ओळखावं?

पोस्टकार्ड फेकू नका! समोरचा फोटो बघू नका, उलटं करा आणि सगळ्यात खालची बारीक ओळ वाचा, पैसे कुणी दिले ती. उमेदवाराची स्वतःची कमिटी असेल तर ठीक, पण तिथे भलतंच गोड नाव असलं, काहीतरी मुलांचं भविष्य वगैरे, तर ते नाव इलिनॉयच्या स्टेट बोर्ड ऑफ इलेक्शन्सच्या साइटवर टाकून बघा. १००० डॉलर किंवा त्याच्या वरची देणगी आली की तिथे ए-वन नावाचा फॉर्म भरावा लागतो, एरवी पाच कामाच्या दिवसांत आणि निवडणुकीच्या आधीच्या शेवटच्या महिन्यात दोन दिवसांत. मी ऑक्टोबरात रात्री जेवणं झाली की मालिका बघावी तशी ही ए-वनची यादी बघते, नवरा हसतो, हसू दे.

२०२४ च्या शाळा बोर्डाच्या निवडणुकीत दोन मोठे गट होते, एकीकडे शिक्षकांची युनियन सीटीयू, दुसरीकडे चार्टर शाळांच्या, म्हणजे सरकारी पैशावर पण खासगी संस्था चालवतात त्या शाळांच्या, बाजूचे पैसेवाले. दोघांनी लाखो डॉलर ओतले. १० जागांपैकी युनियनच्या पाठिंब्याचे चार आले, चार्टरवाल्यांच्या पाठिंब्याचे तीन आणि दोघांचेही नसलेले तीन. तुमच्यासाठी पक्ष म्हणजे हेच, इथे डेमोक्रॅट-रिपब्लिकन शोधत बसलात तर दिवस वाया. युनियनवाला वाईट किंवा चार्टरवाला वाईट असं मी म्हणत नाहीये, माझं मत मी मत देताना देते, पण कोण कुठल्या बाजूचा हे माहीत असून देणं वेगळं आणि हसऱ्या मुलाकडे बघून देणं वेगळं. आणि देणगीला मर्यादा असते खरी, पण स्थानिक निवडणुकीत उमेदवाराने स्वतःचे किंवा बाहेरच्या गटाने त्याच्यासाठी एक लाख डॉलरच्या वर लावले की त्या लढतीतल्या सगळ्यांचीच मर्यादा उठते. शेवटच्या दोन आठवड्यांत पोस्टकार्डांचा पूर येतो तो असा.

अजून एक, अगदी सोपं. उमेदवार तुमच्या भागात सभेला येईल तेव्हा त्याला एकच विचारा, शाळेच्या बजेटमध्ये खड्डा पडला तर पहिली कात्री कुठे लावणार? जो नुसता "मुलांच्या भल्याचं बघू" म्हणतो त्याने अजून बजेट उघडलेलं नाही.

प्रश्न : आम्ही अजून एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. टॅक्स भरतो, दोन्ही मुलं पब्लिक स्कूलमध्ये. आम्ही काहीच करू शकत नाही का?

हा प्रश्न सात जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर.

आधी काय करायचं नाही ते. सिटी कौन्सिल, मेयर, शाळा बोर्ड, यातल्या कशालाही शिकागोत नागरिक नसलेल्याला मत देता येत नाही, ग्रीन कार्डवाल्यालाही नाही. लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीचं विचारलं तर नीट वाचून नाही म्हणा. २०२० मध्ये बाहेर आलं होतं की तिथल्या मशिनच्या चुकीने, आपण नागरिक नाही असं स्वतः सांगितलेल्या ५७४ लोकांची नावं मतदार नोंदणीला गेली. चूक मशिनची, निस्तरायचं तुम्ही, कारण पुढे नागरिकत्वाच्या फॉर्मवर विचारतातच की कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का. दुसरं, देणगी. ग्रीन कार्ड असेल तर देता येते, एच-वन-बीवर नाही. ऑल्डरमनच्या समोसा पार्टीचं १० डॉलरचं तिकीटसुद्धा नाही, ही बंदी फक्त प्रेसिडेंटच्या निवडणुकीला लागू आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. बिनपगारी व्हॉलंटियर म्हणून फोन करा, पत्रकं वाटा, चालतं. फक्त उमेदवारी अर्जाच्या सह्या गोळा करायचं काम घेऊ नका, त्या कागदावर खाली मी अमेरिकन नागरिक आहे असं लिहून द्यावं लागतं.

आता काय करता येतं ते. लोकल स्कूल कौन्सिल, एलएससी! शिकागोत १९८९ पासून बहुतेक शाळांना स्वतःची निवडून आलेली कौन्सिल आहे आणि तिथे पालक म्हणून मत द्यायला आणि उभं राहायला नागरिकत्व लागत नाही. व्हिसा कुठला हे कुणी विचारत नाही, तुमचं मूल त्या शाळेत आहे ना, मग झालं. साध्या प्राथमिक शाळेत सहा पालक, भागातले दोन रहिवासी, दोन शिक्षक, एक बाकीच्या स्टाफपैकी आणि प्रिन्सिपल. म्हणजे पालकांची संख्या सगळ्यात जास्त. निवडणूक दर दोन वर्षांनी, सम सालात, वसंतात. आणि ही नुसती पीटीएसारखी केक विकणारी कमिटी नाही हं, प्रिन्सिपलचं चार वर्षांचं काँट्रॅक्ट द्यायचं की नाही हे एलएससी ठरवते, शाळेचं बजेट आणि सुधारणेचा प्लॅन मंजूर करते.

मी स्वतः दोन टर्म होते, तेव्हा मीही ग्रीन कार्डवरच होते. पहिली मीटिंग लायब्ररीत, दुसरीच्या मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही बारा मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेलो, आणि विषय काय तर लायब्ररियनची अर्धी पोस्ट ठेवायची की तिसरीला एक मदतनीस द्यायचा. दोन तास. माझं इंग्रजी तेव्हा असं होतं की डोक्यात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. शेवटी मी कागदावर लिहून नेलं आणि वाचून दाखवलं, मत पडलं सात विरुद्ध पाच, आणि त्या सातातलं एक माझं. त्या रात्री घरी येताना जे वाटलं ते नंतर नागरिक होऊन मोठ्या निवडणुकीत मत देताना पण वाटलं नाही, खरं सांगते. आणि जागा? बऱ्याच शाळांत पालकांच्या सहा जागांना सहा उमेदवार मिळायची मारामार असते. उभे राहा. बोटांचे ठसे, बॅकग्राउंड चेक आणि थोडं ट्रेनिंग, एवढंच.

मेन्यू मनीचं वर सांगितलं ना, त्यातही शिरायला वाट आहे. ४९ व्या वॉर्डने २००९ मध्ये देशात पहिल्यांदा हे पैसे कुठे खर्चायचे ते रहिवाशांच्या मतावर सोडलं, त्याला पार्टिसिपेटरी बजेटिंग म्हणतात, आणि सोळा वर्षांच्या पुढचा कुणीही रहिवासी, नागरिक असो नसो, मत देऊ शकत होता. सगळे ऑल्डरमन हे करत नाहीत, तुमचा करतो का ते वॉर्ड ऑफिसला विचारा.

प्रश्न : दारात एक मुलगा क्लिपबोर्ड घेऊन आला आणि उमेदवारासाठी सही मागितली. सही करावी का? आयडेंटिटी चोरीची भीती वाटते.

रजिस्टर्ड मतदार असाल तर बिनधास्त करा, सही म्हणजे मत नव्हे. ऑल्डरमनला उभं राहायला वॉर्डातल्या मतदारांच्या ४७३ सह्या लागतात, मेयरला १२,५००. पण कुणी शहाणा ४७३ आणत नाही, दुप्पट-तिप्पट आणतो, कारण समोरचा वकील लावून एकेक सही खोडायला बसतो. हा शिकागोचा जुना धंदा आहे, मत पडायच्या आधीच विरोधकाला मतपत्रिकेवरून उडवायचं. सही आणि पत्ता तुमच्या मतदार नोंदणीत आहे तसाच्या तसा लिहा. मी एकदा घर बदलल्यावर नवा पत्ता लिहिला, नोंदणी जुन्या पत्त्यावर, आणि माझी सही बाद झालेल्यांच्या यादीत गेली. सोशल सिक्युरिटी नंबर, फोन, जन्मतारीख मागितली तर मात्र देऊ नका, त्या कागदाला ते लागत नाही.

प्रश्न : आम्ही नेपरव्हिलला राहतो, आम्हाला यातलं काय लागू?

शिकागोचं बोर्ड नाही, शिकागोची एलएससीपण नाही. तुमच्या भागातल्या शाळा बोर्डांच्या निवडणुकाही बिनपक्षीच, पण विषम सालात एप्रिलमध्ये, सात जणांचं बोर्ड, बिनपगारी. पुढची २०२७ ला. लोक तिथे आणखी कमी जातात.

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे, नुकतेच सिटीझन झाले. इंग्रजी वाचताना अडखळतात. मराठीत मतपत्रिका मिळते का?

मराठीत नाही. हिंदीत मिळते, गुजरातीत मिळते, उर्दूतपण मिळते, आपलं नाव यादीत नाही, आता त्यावर काय बोलणार! देवनागरी वाचतात म्हणजे हिंदीवर काम भागेल. नाहीतर मदतीला आपला माणूस आत नेता येतो, तो त्यांचा बॉस किंवा युनियनचा माणूस नसला म्हणजे झालं, मुलगी चालते. तुम्हाला एका कागदावर सही करावी लागेल की मी फक्त मदत केली. मग त्यांना नावं वाचून दाखवायची आणि ते म्हणतील तिथे खूण करायची, डोळ्यांनीही सुचवायचं नाही. मी सासूबाईंना घेऊन गेले होते २०२३ ला. नऊच्या नऊ नावं वाचली, त्यांनी परत एकदा वाचायला लावली, मग एका नावावर बोट ठेवलं. मी त्या माणसाला जन्मात मत दिलं नसतं. खूण केली, घडी घातली आणि घरी येईपर्यंत दोघी गप्प.